पिल्लांची घुटी

वहिनी, तू गेल्यावर ओसरीत बसून लोकांनी तुझ्याबद्दल जे जे चांगलं सांगितलं, त्यातलं निम्मं त्या पांढऱ्या पुडीबद्दल होतं. वैनीच्या हाताले गुण होता. वैनीनं माह्या नातवाले वाचवलं. कधीही दार वाजवा, वैनी हातातलं काम टाकून उठायची, डब्यातून चिमूटभर पूड काढून द्यायची आणि वर एक पैसा घ्यायची नाही. मी आतल्या खोलीत तुझ्या साड्यांच्या घड्या घालत ऐकत होते. गेलेल्या माणसाबद्दल लोक दोन शब्द वाढवूनच बोलतात. तुझ्याबद्दल कोणी वाढवून बोलत नव्हतं. सगळं खरं होतं, आणि म्हणूनच मला ते ऐकवेना. मागच्या दारानं बाहेर पडले, तर समोर तुझं शेड. आत एकही कोंबडी नव्हती, आणि तरी तो वास तसाच होता.

आपलं भांडण त्या पुडीवरूनच होतं. कितीतरी वर्षं चाललं ते. भाऊबीजेला मी यायची, तू पाटवडीचा रस्सा करायचीस, जेवणं व्हायची, आणि भांडी घासता घासता आपण सुरू. दादा म्हणायचा, या दोघींले भांडल्याशिवाय पचत नाही. खरंच होतं. इतर घरांत नणंद-भावजया मनातल्या मनात कुढतात, आपण तोंडावर बोलून मोकळ्या व्हायचो. तू मला तू आणि मी तुला तू. तू या घरात आलीस तेव्हा मी दहावीत होते, आणि माझ्या वेण्या घालून द्यायला घरात कोणी नव्हतं. आई जाऊन वर्ष झालं होतं. पहिल्याच आठवड्यात तू मला समोर बसवलंस आणि केसांतला गुंता काढताना म्हणालीस, रडायचं असेल तं आताच रडून घे, केस ओढल्यामुळं रडली म्हणता येते. मी रडले. त्या दिवसापासून माझ्यासाठी या घराला पुन्हा माणूस होतं.

मी काय काम करते ते मात्र तुला कधी नीट समजावता आलं नाही. तू गावभर सांगायचीस, आमची मंदा यवतमाळात डॉक्टरीण आहे. मी कसली डॉक्टरीण! लॅबमध्ये लोकांच्या लघवी-रक्ताच्या बाटल्या घेऊन बसणारी बाई. पण तू ऐकायची नाहीस. बोरी अरबच्या बाजारात कोणीतरी एकदा मला थांबवून गुडघा दाखवला होता, आठवतं? तू शेजारी उभी राहून पदरात तोंड लपवून हसत होतीस.

कापसाची ती वर्षं होती. पऱ्हाटीवर अळी अशी बसली होती की औषध कोणतंही मारा, ती उठायचं नावच घेत नव्हती. दादा फवारा पाठीवर घेऊन फिरायचा आणि संध्याकाळी हातांना खोबरेल लावत बसायचा. गावोगाव टीव्हीवाल्यांच्या गाड्या फिरत होत्या. ज्या घरात काही घडलं नव्हतं तिथंही थांबून विचारत, तुमच्याकडे काही झालं का. आपल्या दारात आले तेव्हा तू त्यांना सांगितलंस, आमच्याकडे अजून सगळे जिवंत आहेत, चहा घेता का. ते बिचारे ओशाळून चहा पिऊन गेले. तू ते हसून सांगायचीस, पण त्याच महिन्यात तू शेडचं मनावर घेतलंस. वावराच्या भरवशावर अमोलला मोठं करायचं नाही, असं तू ठरवून टाकलं होतंस.

कंपनी पिल्लं देणार, खाद्य देणार, औषध देणार. आपण शेड बांधायचं, पाणी द्यायचं आणि जीव लावायचा. दादाला ते पटेना. ज्या घरात अंडं शिजत नाही त्या घरानं कोंबड्या पाळायच्या? तू म्हणालीस, शिजवाच्या नाहीत, पाळाच्या आहेत. दुसऱ्या दिवशी दादा शेडचे पत्रे बघायला गेला.

पहिली पिल्लं आली त्या दिवशी मी तिथंच होते. खोक्यांमधून नुसता चिवचिवाट. तू पहिल्या खोक्याला हळदीकुंकू लावलंस, दारात पाणी ओवाळून टाकलंस, मग भुशावर एकेक पिल्लू असं ठेवलंस की जणू माहेरवाशिणीचं लेकरू पाळण्यात घालते आहेस. कंपनीचा सुपरवायझर उभा राहून बघत होता. त्यानं एक पाकीट फोडलं आणि सांगितलं, ही पावडर पहिल्या पाण्यात टाकायची, मग पिल्लं मरत नाहीत. आजारी असोत नसोत, टाकायचीच. तू विचारलंस, म्हणजे घुटीच ना? तो म्हणाला, हो बाई, घुटीच समजा. तेव्हापासून ते औषध आपल्या घरात घुटी झालं. माणसांची पोरं घुटी पितात, पिल्लांनी का पिऊ नये? वहिनी, त्या शब्दानंच घात केला असं मला पुष्कळदा वाटतं. ज्याला घुटी म्हटलं त्याची भीती कोणाला वाटणार?

माणसांवर ती पहिल्यांदा गेली ती अमोलच्या वेळी. त्याला जुलाब लागले होते, सरकारी दवाखान्याला कुलूप होतं, डॉक्टर बुधवारीच यायचा आणि तो वार वेगळा होता. दादा उमरखेडला सोयरिकीत गेलेला. पोरगं केळीच्या पानासारखं मलूल झालेलं, तू एकटी. तू पिल्लांचा डबा उघडलास. मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं ते मला सांगता येत नाही, आणि हे मी तुला तू असताना कधी म्हटलं नाही. अमोल उठून बसला. औषध लागू पडलं. तेव्हा ते लागू पडतच होतं.

मग शेजारीण आली, मग शेजारणीची बहीण, मग तांड्यावरून बायका यायला लागल्या. सुपरवायझर डबे मोजून देत नव्हता, उरलेलं परत मागत नव्हता. तू नखावर राहील एवढी पूड कागदात बांधून द्यायचीस आणि वर सांगायचीस, पोट ठीक असंल तं देऊ नको. तुला जे कळत होतं त्या हिशेबानं तू जपूनच देत होतीस. आणि मी तुझा चेहरा पाहिला आहे त्या वेळचा. दोन बायका ओसरीत थांबलेल्या, तू आतून पुडी घेऊन येते आहेस, चालण्यात जरासा मान आलेला. तो मान तुला दुसरं कोण देणार होतं?

मी मात्र हटून बसले. पाकिटावरचं नाव मी वाचलं होतं, आमच्याकडे पेशंटांना जे देतात त्याचाच तो सख्खा भाऊ होता. मी तुला अळीचा दाखला दिला. म्हटलं, एकच फवारा वर्षानुवर्षं मारला आणि अळी पचवायला शिकली, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत ना? जी मेली ती मेली, जी उरली तिची पिलावळ झाली. कोंबडीच्या आतड्यातले जंतूही तेच करतात. रोज थोडं थोडं औषध पाण्यातून गेलं की शेवटी औषधाला न भिणारेच तेवढे उरतात. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, अळी पऱ्हाटी खाते, म्हणून तिले मारतो. माह्या कोंबड्या तं टणटणीत आहेत, त्यायच्या पोटात कोण बसलं आहे ते कायले पाहू?

मग मी एका भाऊबीजेला तुझ्या शेडमधून कोंबड्यांची विष्ठा लॅबच्या बाटलीत भरून घेतली. दादा हसून म्हणाला होता, लोकायच्या बहिणी ओवाळणी घेऊन जातात, आमची हे घेऊन चालली. आमच्या डॉक्टरांची परवानगी काढून मी ती तपासली. पुढे तू चष्म्याचा नंबर काढायला यवतमाळला आलीस, तेव्हा तशीच ताजी ताटली तुझ्यासाठी मुद्दाम पुन्हा तयार करून ठेवली होती. जेलीच्या थरावर जंतू पेरायचे, वर वेगवेगळ्या औषधांच्या कागदी टिकल्या ठेवायच्या. औषध लागू असेल तर टिकलीभोवती मोकळं रिंगण पडतं. नसेल तर जंतू टिकलीला चिकटून उगवतात. मी तुला उजेडात धरून दाखवलं. एवढ्या टिकल्या, आणि बहुतेकींभोवती रिंगण नाही. तू नवा चष्मा वर-खाली करून पाहिलंस आणि म्हणालीस, रांगोळीवानी दिसते वं.

मला राग आला. मी म्हटलं, हे जंतू कोंबडीला काही करत नाहीत, तिच्या पोटात गुमान राहतात, पण तिथून भुशात येतात, बादलीला लागतात, हाताला लागतात, कोंबडखताबरोबर वावरात जातात. माणसाच्या पोटात शिरूनही गप्प बसतील. आणि एखाद्या दिवशी नको तिथं गेले, मूत्राशयात, रक्तात, की मग यांच्यावर टाकायला औषध नसेल. तू म्हणालीस, मी तं कोंबडी खातच नाही. तुला वाटलं तू जिंकलीस. खायची गरज नसते, वहिनी. तू रोज सकाळी पिल्लांच्या पाण्याची भांडी घासत होतीस, मेलेलं पिल्लू हातानं उचलत होतीस, वाकून भुसा उलटवत होतीस. साबणानं हातही धूत होतीस, मी पाहिलं आहे. पण नळाची तोटी तर त्याच हातानं उघडत होतीस ना?

त्या दिवशी बसस्टँडवर आर्णीची गाडी लागली होती, बोरीची अजून यायची होती. बाकावर बसून तू मला जे म्हणालीस त्याला मी अजून उत्तर शोधते आहे.

"तुह्या ताटलीत काय आहे ते खरंच असंल, बाई. पण माह्या दारात लेकरू घेऊन बाई उभी राह्यली तं मी तिले काय दाखवू? ताटली? डॉक्टर येते बुधवारी. लेकरू बुधवारची वाट पाह्यते का?"

मी म्हटलं, मीठ-साखरेचं पाणी दे. तू म्हणालीस, ते देतोच, पण पाण्यावर लोकाचा भरोसा बसत नाही, पुडीवर बसते. गाडी आली, तू चढलीस, खिडकीतून हात केलास. तू बरोबर होतीस आणि मीही बरोबर होते. दोघीही बरोबर असताना इतकं वाईट कसं घडलं, याचा विचार करत मी हल्ली बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवते आणि चुकीच्या चिकटवते. परवा आमच्या डॉक्टरांनी स्वतः चहा आणून ठेवला.

यंदा चैत्रात तुला उन्हाळी लागली. लघवीला आग होते, असं तू कोणाला सांगितलं नाहीस. धन्याचं पाणी प्यायलीस, सब्जा प्यायलीस, आणि अर्थात घुटी घेतलीस. थोडं बरं वाटलं. पुन्हा आग, पुन्हा घुटी. अखाजीला मी आले तेव्हा बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि तू गोधडी घेऊन कुडकुडत होतीस. त्या अवस्थेतही तू अमोलला ओरडून सांगत होतीस, आत्याले आंब्याचा रस दे, बरफ घाल. मी तुझ्या कपाळाला हात लावला आणि यवतमाळच्या दवाखान्यात न्यायला दादाला गाडी काढायला सांगितलं.

तुझी बाटली मीच तपासली, वहिनी. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. पेरली, टिकल्या ठेवल्या, झाकली आणि ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडली तेव्हा आधी मला वाटलं मी टिकल्या ठेवायला विसरले, इतकं सगळं एकसारखं भरून उगवलं होतं. मग एकेक टिकली दिसायला लागली. तुझ्या घुटीची टिकली मी सगळ्यात आधी शोधली. तिला जंतू असे बिलगले होते जसे तुझ्या पायाला पिल्लं. फक्त एका टिकलीभोवती रिंगण होतं, आणि ते इंजेक्शन यवतमाळात मिळत नव्हतं. अमोल नागपूरला पळाला.

इथं एक सांगायला हवं, नाहीतर तू मला खोटारडी म्हणशील. तुझ्या ताटलीतले जंतू तुझ्या कोंबड्यांतूनच आले, हे मी सिद्ध करू शकत नाही. दोन्ही ताटल्या सारख्या दिसल्या म्हणून जंतू तेच, असं म्हणता येत नाही. तशी तपासणी आमच्याकडे होत नाही. कदाचित ते पाण्यातून आले असतील, कदाचित दुसऱ्या कोणाकडून. तू हेच म्हणाली असतीस, आणि मला गप्प बसावं लागलं असतं. पण पुन्हा पुन्हा घेतलेल्या चिमटीनं ते तुझ्या अंगात कोडगे झाले नसतील, असंही मला कोणी सिद्ध करून दाखवावं.

आता त्या दुपारचं. ते कोणालाच सांगितलेलं नाही.

तुझी किडनी थकायला लागली होती. डॉक्टरांनी पाणीसुद्धा मोजून द्यायला सांगितलं होतं. इंजेक्शन यायचं होतं. मी वॉर्डात आले तेव्हा दादा तुला घरच्या बाटलीतून पाणी पाजत होता. माझ्याकडे पाहून त्यानं बाटली खाली केली, आणि मला कळलं. तळाशी पांढरा गाळ होता. तू त्याला सांगितलं होतंस, घुटी घेऊन ये, आणि त्यानं आणली होती. डब्यातली पूड घरून निघताना शर्टाच्या खिशात, तुझ्यासारखीच कागदात बांधून. मी त्याच्या हातून बाटली घेतली, मोरीत ओतली आणि विसळून टाकली. तू उशीवरून बघत होतीस. ओठ सोलले होते, तरी शब्द स्पष्ट होते.

"आख्ख्या गावाले देल्ली मी," तू म्हणालीस. "मले एक चिमूट नाही देत तू."

तू तोंड फिरवलंस. मला सांगायचं होतं की मी ताटली पाहिली आहे, घुटीनं काही होणार नाही, ती तुझ्या उपयोगाची उरलेली नाही. पण तापानं फणफणलेल्या बाईला, जिचा जगात एकाच गोष्टीवर विश्वास उरला आहे तिला, हे सांगायचं कसं? मी तुझे पाय चेपत बसले. संध्याकाळी इंजेक्शन आलं, टोचलं, पण तोवर तुझी शुद्ध हरपली होती. पुढे तू कोणाशीच बोलली नाहीस. म्हणजे तुझं शेवटचं बोलणं ते, आणि ते मला होतं. लोक म्हणतात शेवटी शेवटी माणूस माफ करतं. तुला तेवढा वेळच मिळाला नाही.

तेरवीला गाव जेवलं. पंगती उठल्या आणि तांड्यावरची सविता आली. कडेवर तिची पोर, अजून पायावर न चालणारी, डोळे खोल गेलेले, मान खांद्यावर टाकलेली. जेवायला नव्हती आली ती. दादासमोर उभी राहून म्हणाली, भाऊ, वैनीची घुटी असंल तं द्या, कालपासून पोरीचे जुलाब थांबूनच नाही राह्यले. ओसरीत कोणाचे तरी डोळे भरून आले. तुझ्या तेरवीच्या दिवशी तुझ्याच हातचं औषध एका लेकराला जावं, याहून चांगलं काय? दादाही उठला. तू गेल्यापासून पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी करायला मिळाल्याचं समाधान दिसलं. तो फडताळाकडे आला आणि मी फडताळासमोर उभी राहिले.

विचार करून उभी राहिले असं म्हणणार नाही. मी नको म्हटलं. तो म्हणाला, बाजूला हो. मग मला सगळ्यांसमोर सांगावं लागलं. याच औषधानं आता जंतू मरत नाहीत. वहिनीच्या अंगातले मेले नाहीत. तिला ही पुडी लागू पडली नाही, दवाखान्यातली हिची भावंडंही लागू पडली नाहीत, म्हणून ती गेली. लेकराला हे द्यायचं नाही. माझा आवाज चढला होता. पुरणाचा वास येत होता, तुझा फोटो हार घालून ठेवलेला होता, आणि त्याच्यासमोर मी तुझं नाव खाली पाडत होते.

दादानं खूप हळू विचारलं, "म्हणजे तिनं सोताच्या हातानं सोताले मारलं, असं म्हणतं तू?"

मी म्हटलं, "माहीत नाही, दादा. ते कधीच कळणार नाही."

मग सविता बोलली. ती माझ्याकडे बघत होती, रागानं नाही, घाबरून.

"मंग वैनी आमच्या लेकरायले जहर देत होती का?"

वहिनी, तिथं मी रडले असते तर सोपं झालं असतं. मी म्हटलं, नाही गं. औषधच देत होती. खरं औषध होतं ते, खूप चांगलं होतं. कोंबड्यांना रोज पाजून आणि आपण सगळ्यांनी चिमूटचिमूट खाऊन ते संपवून टाकलं. डबा भरलेला आहे, पण औषध संपलं आहे. तिला ते किती कळलं कोण जाणे. ती पोरीला घेऊन परत फिरली तेव्हा मी अमोलला मोटरसायकल काढायला लावली, सविताला बसवलं आणि तिच्या मागे बसले.

त्या दिवशी सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिनं पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून पाहिली आणि पाण्याची पाकिटं दिली. मीठ-साखरेचंच पाणी. मी पोरीला मांडीवर घेऊन चमच्यानं पाजत बसले. एक चमचा, थांबायचं, मग दुसरा. ती ओकायची, मी पुन्हा सुरू करायची. सविता माझ्या हातांकडे संशयानं बघत होती. पाण्यावर भरोसा बसत नाही हे तू सांगितलेलंच होतं. बराच वेळ गेला. ऊन उतरलं तेव्हा पोरीनं माझ्या मांडीवर लघवी केली. गरम, भरपूर. आयुष्यभर लोकांची लघवी बाटलीत पाहिलेली मी बाई, त्या ओल्या लुगड्यानिशी तिथं बाकावर बसून रडले, तू गेल्यापासून पहिल्यांदा. नर्सला वाटलं, माझीच नात आहे.

घरी आले तेव्हा सगळे गेले होते. दादा खाटेवर पाठ करून पडला होता. सकाळी मला बसपर्यंत सोडायला तो आला नाही, अमोल आला. सविताची पोर बरी झाली, हे अमोलनंच फोनवर सांगितलं. आणि हेही की तांड्यावर सगळे म्हणतात, वैनीच्या तेरवीच्या दिवशी पोर वाचली, वैनीनंच वाचवली. मी त्याला म्हटलं, म्हणू दे. त्यात खोटं काय आहे? ती तुझ्याच दारात आली होती ना, वहिनी.

दादा बोलत नव्हता. मी फोन केला की अमोल उचलायचा आणि मागे दादाच्या खोकल्याचा आवाज यायचा. माझा एकच भाऊ. तू होतीस तोवर आमच्यातलं बोलणं तुझ्यातूनच व्हायचं हे मला आता कळतं आहे. आम्हा दोघांना एकमेकांशी बोलायची सवयच नाही.

परवा त्याचा फोन आला. नवीन पिल्लं आली आहेत. हे त्यानं आधी सांगितलं. मग म्हणाला, सुपरवायझर पाकीट घेऊन उभा होता. पहिल्या पाण्यात टाकलं नाही तं जेवढी मरतीन ती तुमच्या डोक्यावर, आणि पुढची पिल्लं देणार नाही, असं त्यानं सांगितलं. दादानं पाकीट घेतलं नाही. आता तो पाणी उकळून गार करून देतो, भुसा रोज उलटवतो, भांडी दोनदा घासतो, आणि तरी रोज सकाळी कोपऱ्यात काही पिल्लं मेलेली असतात. ती तो पोत्यात भरून बांधावर खड्डा करून पुरतो, वर चुना टाकतो. तुझं शेड पुढे चालेल की नाही ते त्याला माहीत नाही. मलाही नाही.

"एकेक पिल्लू उचलताना वाट्टे, ती मागं उभी राहून पाहून राह्यली," तो म्हणाला. "तिले तू सांग, मंदा. माह्यानं नाही सांगणं होत."

तर सांगते, वहिनी. तुझी पिल्लं मरताहेत, आणि दादानं त्यांना घुटी दिलेली नाही. माझं ऐकून दिलेली नाही. तो रोज पहाटे शेडचं दार उघडायच्या आधी जरा वेळ बाहेर थांबतो, असं अमोल सांगतो. त्याला काही म्हणू नकोस. माझ्यावर तू रागावूनच गेली आहेस, त्यात एवढं आणखी घाल.